व्हेंटिलेटर आले, चालवणार कोण? श्वसनोपचारातल्या सरावाची पार्श्वभूमी

९ मार्च २०२० रोजी राज्यातला पहिला करोना रुग्ण पुण्यात सापडला. काही महिन्यांतच बेड किती, व्हेंटिलेटर किती, याची चौकशी घराघरांत सुरू झाली. रात्रपाळीला ती यंत्रं सांभाळणार कोण, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

प्रश्न जुनाच. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वास थांबलेल्यांच्या गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत राहायची, हा मार्ग भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी काढला. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. मृत्यू झपाट्याने घटले आणि आजच्या आयसीयूची पायाभरणी झाली. पण ही पोरं शिकली ती थेट रुग्णावरच.

१९६०मध्ये नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी पुतळा आणला. (चांगली खेळणी करणाऱ्यालाच हे जमावं!) त्याची मान नीट मागे कलवली तरच छाती वर येते, चूक तिथल्या तिथे दिसते. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात संगणकावर चालणारा 'सिम वन' हा पुतळा आला, भूलतज्ज्ञांना श्वासनलिकेत नळी घालायला शिकवण्यासाठी. ऐंशीच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातले भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी वैमानिकांची पद्धत उचलली: एकट्याचा हात नाही, अख्खी टीम घडवायची.

आपल्याकडे एमबीबीएसच्या २०१९च्या नियमांनी स्किल लॅब, म्हणजे रुग्णाआधी पुतळ्यांवर हात बसवायची खोली, सक्तीची केली. पण रात्री अलार्मपाशी आधी पोहोचते ती बहुधा नर्स किंवा तंत्रज्ञ. लॅबमध्ये त्यांचा नंबर शेवटी लागावा, हे उफराटंच.

खरं तर या सरावाला महागडा पुतळाच हवा असं नाही. व्हेंटिलेटरला टेस्ट लंग, म्हणजे रबरी पिशवी, जोडायची आणि शिकवणाऱ्याने गुपचूप नळी चिमटायची. दाबाचा आकडा चढतो, अलार्म कोकलतो. नवखा माणूस हमखास अलार्म बंद करायला धावतो. आधी बघायचं रुग्णाकडे. तो खालावत असेल तर यंत्र सोडवून अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास द्यायचा आणि मग शोधायचं: नळी सरकली, तुंबली, फुप्फुसाबाहेर हवा साठली, की यंत्रच बिघडलं? यासाठी लागते एक मोकळी खोली, एक रिकामा व्हेंटिलेटर आणि ड्युटीतून सुटलेला अर्धा दिवस. अडतं ते बहुधा या अर्ध्या दिवसापाशी.