पांढरे ठिपके रोग (गोड्या पाण्यातील मत्स्यपेटी)

गोड्या पाण्यातील माशांच्या अंगावर, परांवर आणि कल्ल्यांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके उठवणारा परजीवी रोग. हौशी लोकांत आणि दुकानांत याला ‘इक’ म्हणतात. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा पक्ष्माभिका (अंगभर बारीक केसांसारखे तंतू) असलेला एकपेशीय प्राणी त्याला कारणीभूत असतो. फूके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ साली त्याचे वर्णन केले. गप्पी, मॉली, टेट्रा, अँजल, लोच असे नाना जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या पेटीत हा रोग सर्वांत जास्त छळतो. एका जातीला मानवणारा उपचार दुसरीला सोसत नाही, हे त्याचे कारण.

ठिपका म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली बसून माशाच्या पेशी खाणारा परजीवी. तो वाढून अर्धा ते एक मिलिमीटरचा झाला की मासा सोडतो, खडीवर, पानावर किंवा काचेवर चिकटतो आणि स्वतःभोवती कोष करतो. कोषाच्या आत विभाजन होऊन शेकडो पिले तयार होतात. ती फुटून बाहेर आली की पोहत मासा शोधतात. दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही, तर मरतात. कातडीखालच्या परजीवीपर्यंत नेहमीची औषधे पोचत नाहीत आणि कोषातही शिरत नाहीत. मार बसतो तो फक्त पोहणाऱ्या पिलांना. म्हणून औषध टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तरी औषध फसले असे होत नाही, आणि ठिपके गळून मासा स्वच्छ दिसला तरी रोग गेला असेही नाही. उपचार मधेच थांबवण्याची चूक बहुतेक याच टप्प्यावर होते.

हे चक्र किती दिवसांत फिरते ते पाण्याच्या तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला आठवडाभर किंवा त्याहून कमी लागतो. १० अंशांवर महिना उलटतो. ३० अंशांवर मात्र परजीवीच्या बहुतेक वाणांची पैदास खुंटते.

सोलापुरात ऋतूचा हिशेब इथेच जुळतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबखालच्या खोलीतली पेटी आपोआप तिशीला टेकते. त्या दिवसांत इक क्वचितच मूळ धरतो. त्याचा खरा हंगाम थंडीचा. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास दुपारी ऊन चटकते आणि पहाटे पारा पंधराच्या खाली उतरतो. हीटर नसलेल्या छोट्या पेटीत हा चढउतार माशांची प्रतिकारशक्ती मोडतो. त्यात भर साठवणीच्या पाण्याची. शहराला उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी हौद, पिंप आणि गच्चीवरच्या टाक्या. पेटीचे पाणी याच साठ्यातून बदलले जाते, आणि पहाटे गच्चीवरच्या टाकीतले गार पाणी थेट ओतणे म्हणजे रोगाला आवतण. तेच पाणी भर दुपारी तापलेले असते. एका गोष्टीत साठवण फायद्याची ठरते: उघड्या पिंपात हवेचा पंप लावून दिवसभर ठेवले की क्लोरीन उडून जातो. नळ आल्या आल्या भरलेले पाणी मात्र पेटीत नको.

उपचाराची सुरुवात उष्णतेने करावी. हीटरने तासाला एखाद्या अंशाहून जास्त न वाढवता, दीड-दोन दिवसांत पाणी ३० अंशांवर आणावे आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर तसेच ठेवावे. हीटरच्या चकतीवर भरवसा न ठेवता वेगळा थर्मामीटर लावावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांवर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांवर ७.५. कल्ले आधीच पोखरलेल्या माशाला एवढी घटही जाचते, म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन चोवीस तास चालू हवा. वीज जाण्याचा नेम नसेल तर बॅटरीवरचा पंप हाताशी ठेवावा. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. त्याला तिशीपर्यंत न नेता मिठावर भर द्यावा.

मीठ जाडे, आयोडीन नसलेले घ्यावे. प्रमाण लिटरला साधारण दोन ग्रॅम. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी कागदोपत्री सुमारे ५७ लिटरची भरते. पण खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास उरते. म्हणजे मीठ ९० ग्रॅम. ते तगारीतल्या पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत, दीड दिवसात सोडावे. पुढे १० लिटर पाणी बदलले, तर नव्या पाण्यात २० ग्रॅमच मीठ घालायचे. सोलापूरच्या कोरड्या हवेत पाणी भराभर आटते, पण मीठ आटत नाही. आटलेल्याची भर साध्या पाण्यानेच करायची. हे न समजल्याने मीठ चढत जाते आणि मासे मेले की दोष रोगावर जातो. मॉली, गप्पी मिठात खुशाल राहतात. कोरीडोरस, लोच, टेट्रा यांना निम्म्यापासून सुरुवात करावी. नाजूक वनस्पती कुजतात, त्या आधीच काढलेल्या बऱ्या.

रोग जोरात असेल तर औषध. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मलिन किंवा दोन्हींचे मिश्रण यांवर सर्वाधिक मदार असते. मात्रा बाटलीवरची, पण खऱ्या पाण्याच्या लिटरवर मोजलेली. खवले नसलेल्या माशांना सहसा निम्मी. फिल्टरमधला कोळसा आधी काढावा, नाहीतर औषध तोच शोषतो. मॅलाकाइट ग्रीन विषारी आहे, खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत त्याला बंदी आहे, हातमोजे घालावेत. तळाशी पांढरा साका बसलेले फॉर्मलिन वापरू नये. मेथिलिन ब्लू सौम्य खरे, पण फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते, त्यामुळे ते वेगळ्या भांड्यातच बरे. तांब्याची औषधे कोळंबी आणि गोगलगाय असलेल्या पेटीत चालत नाहीत. दुकानातून रंगीत औषधांच्या तीन-चार बाटल्या आणून एकत्र ओतण्याची रीत सोडलेली बरी. अशा पेटीत मासा कशाने मेला हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक पांढरा ठिपका इकचा नसतो. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांवर पांढरे बारीक दाणे येतात. तो रोग नव्हे. अंगावर सोनेरी, पिठूळ थर दिसला तर तो वेल्व्हेट हा वेगळा परजीवी रोग. उलट इक नुसता कल्ल्यांत असला तर अंगावर ठिपका न दिसताही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात आणि मरतात.

रोगातून वाचलेल्या माशांत काही अंशी प्रतिकारशक्ती येते. त्यामुळे जुने मासे धडधाकट आणि नुकताच आणलेला मासा आठवड्यात ठिपक्यांनी भरलेला, असे चित्र दिसते. दोष दर वेळी दुकानदाराचाच असतो असे नाही; परजीवी जुन्या माशांच्या कल्ल्यांत तग धरून असू शकतो. तरीही नवा मासा दोन-तीन आठवडे, थंडीत त्याहून जास्त, वेगळ्या पेटीत ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. जाळी आणि पाइप दोन्ही पेट्यांसाठी एकच असतील तर मधे उन्हात खडखडीत वाळवावे. कोरडेपणा या परजीवीला सोसत नाही. मासे दुसरीकडे हलवता आले, तर रिकामी पेटी २७-२८ अंशांवर आठ-दहा दिवस नुसती चालू ठेवली तरी औषधाविना स्वच्छ होते.