चाळिशीनंतर पेटीवर बोटं वळत नाहीत?

ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत, माळ्यावर एखादी पेटी, म्हणजे हार्मोनियम, निघतेच. ती खाली काढायचा विचार आला की एक फिरता संदेश आठवतो: "चाळिशी उलटली की वाद्य विसरा, बोटं वळत नाहीत."

हे पटतं, कारण पहिल्या दिवशी बोटं खरंच अडखळतात. पण लहानपणी घटवलेली हालचाल मेंदू सहसा पुसून टाकत नाही, ती मंदावते. म्हणून परतणाऱ्याला नवशिक्यापेक्षा कमी वेळ लागतो. नवं शिकण्याचा वेग वयानुसार थोडा उतरतो, एवढं मात्र खरं.

आधी पेटी तपासा. सगळे स्टॉपर (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पुढच्या खुंट्या) बंद करा, भात्यात हवा भरा, एकही पट्टी दाबू नका. भाता भराभर बसला तर हवा गळतेय आणि बोटांवर उगाच आळ येतोय! दुरुस्ती करून घ्या, सूरही लावून घ्या.

मग 'सारेग, रेगम' हा अलंकार मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत वाजवून फोनवर रेकॉर्ड करा. रोज १५-२० मिनिटं रियाझ. महिन्याने तोच अलंकार, तीच लय. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. सांधे दुखत किंवा सुजत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.