गॅरेज, गुत्ता आणि कॉफीचे टेबल

कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावात अ‍ॅडिसन अव्हेन्यूवर ३६७ क्रमांकाचे घर आहे. त्याच्या मागे बारा फूट बाय अठरा फुटांचे लाकडी गॅरेज आहे, एक मोटार कशीबशी मावेल एवढे. ही जागा म्हणजे 'सिलिकॉन व्हॅलीचे जन्मस्थान', असे बाहेरची पाटी सांगते. जगात कुठेही दोन मित्रांनी कंपनी काढली की बातमीत गॅरेज येते, त्या प्रथेचे मूळ इथे आहे. पण या गॅरेजची गोष्ट सहसा अर्धीच सांगितली जाते.

१९३८ मध्ये डेव्ह पॅकार्ड आणि त्यांची पत्नी ल्युसिल यांनी या घराचा तळमजला महिना ४५ डॉलर भाड्याने घेतला. बिल ह्यूलेट तेव्हा अविवाहित होते, ते अंगणातल्या शेडमध्ये झोपत. १ जानेवारी १९३९ रोजी 'ह्यूलेट-पॅकार्ड'ची भागीदारी झाली आणि नावात कोण आधी हे नाणे उडवून ठरले. भांडवल ५३८ डॉलर, त्यातच एक जुने ड्रिलिंग मशीनही धरलेले. पहिले यंत्र होते ध्वनीच्या तपासणीसाठी ठरावीक कंपनसंख्येचे संकेत निर्माण करणारा ऑसिलेटर. त्यात ह्यूलेट यांनी साधा विजेचा दिवा बसवला. दिव्यातली तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि त्यामुळे संकेताची ताकद आपोआप स्थिर राहते. महागड्या विद्युतमंडलाच्या रचनेचे काम काही पैशांच्या दिव्याने भागले. कंपनी नवखी वाटू नये म्हणून त्या यंत्राला थेट '२००ए' असा क्रमांक दिला. किंमत ठेवली ५४ डॉलर ४० सेंट आणि त्या भावात उत्पादनाचा खर्चही निघत नाही, हे लवकरच कळले. त्याच्या सुधारित आवृत्तीचे आठ नग वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने घेतले.

आता उरलेली अर्धी गोष्ट. हा ऑसिलेटर गॅरेजमध्ये सुचलेला नव्हता. ह्यूलेट यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून तो आला होता. जनरल इलेक्ट्रिकमधल्या नोकरीतून पॅकार्ड परत आले, ते प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांनी मिळवून दिलेल्या अभ्यासवृत्तीच्या भरवशावर. घरात नियमित पगार येई तो ल्युसिल यांचा. त्या स्टॅनफर्डच्या निबंधक कार्यालयात नोकरी करत होत्या. पाटीवर गॅरेज आहे, तो पगार नाही.

शिवाय कंपनी तिथे राहिली किती? १९४० मध्येच तिने जागा बदलली. गॅरेजला मान मिळायला त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे जावी लागली. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने ते ऐतिहासिक स्थळांच्या यादीत घातले आणि २००० मध्ये कंपनीने ते घर १७ लाख डॉलरना विकत घेतले. ही वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. आदल्याच वर्षी ह्यूलेट-पॅकार्डने पहिल्यांदा बाहेरून प्रमुख आणला होता, कार्ली फिओरिना, आणि नव्या जाहिरातींत 'गॅरेजचे नियम' झळकत होते. मोठ्या, सुस्त झालेल्या कंपनीला आपण एके काळी लहान होतो हे सांगण्याची गरज भासली, तेव्हा गॅरेज कामाला आले.

व्हॅलीच्या नावात 'सिलिकॉन' ज्या इमारतीमुळे आले, तिच्या वाट्याला मात्र असे कौतुक आले नाही. माउंटन व्ह्यूमधल्या ३९१, सॅन अँटोनियो रोड या पत्त्यावर १९५६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम शॉक्ली यांनी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर, म्हणजे विद्युत संकेत वाढवणारे किंवा चालू-बंद करणारे छोटे घटक, बनवण्यासाठी प्रयोगशाळा थाटली. तेव्हा हा सगळा परिसर जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागांचा होता. जागा निवडण्यामागच्या कारणांत एक अगदी घरगुती होते: शॉक्ली यांची आई पालो अल्टोत राहत असे. त्याच वर्षी त्यांना ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळाले, आणि वर्षभरातच त्यांच्या संशयी, हेकट वागण्याला कंटाळून आठ जण बाहेर पडले. त्यांत रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लिफ्ट हॉटेलात ते आर्थर रॉक आणि बड कॉइल या दोघा गुंतवणूक सल्लागारांना भेटले. करारपत्र तयार नव्हते, म्हणून कोऱ्या करकरीत एक डॉलरच्या नोटांवर सगळ्यांनी सह्या केल्या. त्यातून फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर उभी राहिली, आणि तिच्यातून फुटून निघालेल्यांनी पुढे डझनावारी कंपन्या काढल्या. नॉइस आणि मूर यांची चिप बनवणारी इंटेल (१९६८) त्यांतलीच.

माझ्या मते या इतिहासात गॅरेजपेक्षा गुत्त्याला जास्त मान द्यायला हवा. माउंटन व्ह्यूमध्ये फेअरचाइल्डच्या जवळ 'वॉकर्स वॅगन व्हील' नावाचे साधे बार-रेस्टॉरंट होते. दिवसा एकमेकांचे स्पर्धक असलेले अभियंते संध्याकाळी तिथे एका टेबलावर बसत. कुणाच्या भट्टीत वेफर (ज्यांवर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) खराब होताहेत, कोण नोकरी सोडणार, कुणाला माणसे हवी आहेत, सगळे तिथे कळे. एखादी अडचण चार महिने डोके खाण्याऐवजी दोन बिअरमध्ये सुटे.

हा मोकळेपणा नुसत्या स्वभावातून आलेला नव्हता, त्याला कायद्याचे पाठबळ होते. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचे नाही, अशी अट कॅलिफोर्नियात तेव्हा कंपनी घालू शके, पण न्यायालयात ती टिकत नसे; २०२४ पासून तर ती घालणेच बेकायदा आहे. मूळ तरतूद १८७२ सालची, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या कितीतरी आधीची. बोस्टनच्या परिसरातही तेव्हा उत्तम विद्यापीठे होती आणि मोठ्या संगणक कंपन्याही होत्या, पण त्या राज्यात अशा अटी मानल्या जात. तिथला अभियंता स्पर्धकाबरोबर प्यायला बसलाच, तरी पुढच्या महिन्यात त्याच्याकडे रुजू होणे त्याला सोपे नव्हते. वॅगन व्हील २००३ मध्ये पाडले गेले.

गुत्त्याचा आणखी एक उपयोग सनीव्हेलमध्ये दिसला. १९७२ मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अटारी कंपनीने 'पाँग' या खेळाचे पहिले यंत्र 'अँडी कॅप्स टॅव्हर्न'मध्ये ठेवले. काही दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. ते बनवणारे अॅल अल्कॉर्न दुरुस्तीला गेले, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरून वाहत होता. बाजार-पाहणीवर वेगळा खर्च करायची गरज उरली नाही.

गॅरेजही कधीकधी गुत्त्यासारखे वापरले गेले, आणि तेव्हा ते खरे उपयोगी पडले. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली बैठक भरली. जमलेली तीसेक माणसे 'अल्टेअर ८८००' हा सुटे भाग जोडून बनवायच्या संगणकाचा नवा संच पाहायला आली होती. त्यांत स्टीव्ह वोझ्नियाक होते. तिथून परतताना त्यांच्या डोक्यात जे घोळू लागले, त्यातून पुढे अॅपल-१ हा संगणक झाला.

अॅपलचे म्हणून प्रसिद्ध असलेले गॅरेज मात्र वेगळे: लॉस अल्टोसमधल्या क्रिस्ट ड्राइव्हवरचे, स्टीव्ह जॉब्स यांच्या आईवडिलांच्या घराचे. २०१३ मध्ये त्याला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी वोझ्नियाक यांनी एका मुलाखतीत सांगून टाकले, की गॅरेजची कथा बरीचशी दंतकथाच आहे. तिथे ना आराखडे झाले, ना नमुने बनले. ते काम त्यांनी आपल्या घरी आणि ह्यूलेट-पॅकार्डमधल्या टेबलावर केले होते. ते तिथे पगारी नोकर होते. आपला संगणक त्यांनी आधी त्याच कंपनीला देऊ केला आणि तिने तो नाकारला. म्हणजे एका गॅरेजमधून निघालेल्या कंपनीने दुसऱ्या गॅरेजच्या गोष्टीला नकळत आसरा दिला. खरी गती आली ती पॉल टेरेल यांच्या 'बाइट शॉप' या दुकानामुळे. सुटे भाग नकोत, जोडून तयार केलेले ५० संगणक द्या, प्रत्येकी ५०० डॉलर देतो, असे त्यांनी सांगितले. पण दुकानाच्या गल्ल्याभोवती दंतकथा जमत नाही.

गूगलची गोष्ट त्याच साच्यातली, म्हणून थोडक्यात. सप्टेंबर १९९८ मध्ये तिच्या संस्थापकांनी सुझन वोजसिकी यांचे मेन्लो पार्कमधले गॅरेज महिना १,७०० डॉलर भाड्याने घेतले आणि पाचेक महिन्यांत सोडले. त्याआधी स्टॅनफर्डमध्ये सरकारी निधीच्या प्रकल्पात शोधयंत्र तयार झालेले होते. एका प्राध्यापकाच्या घराच्या ओसरीवर सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे एक संस्थापक अँडी बेख्टोल्सहाइम यांनी एक लाख डॉलरचा धनादेश लिहून दिला होता. तो काही दिवस पडून राहिला, कारण ज्या नावाने तो लिहिला ती कंपनी कागदोपत्री अजून जन्मली नव्हती.

या यादीत सर्वांत अलीकडे भर पडली ती सॅन होजेतल्या बेरीएसा रोडवरच्या 'डेनीज' या साखळीतल्या रेस्टॉरंटची. १९९३ मध्ये जेन्सन ह्वांग, ख्रिस मलाखोव्स्की आणि कर्टिस प्रिएम तिथे बसून एनव्हिडिया या चिप कंपनीचा बेत आखत. कॉफी स्वस्त होती, कप पुन्हा पुन्हा भरून मिळे आणि कुणी उठवत नसे. ह्वांग यांना ती साखळी अनोळखी नव्हती. पंधराव्या वर्षापासून त्यांनी पोर्टलंडच्या डेनीजमध्ये भांडी घासली होती आणि टेबले आवरली होती. पण टेबलाभोवतीचे तिघे नवशिके नव्हते. ह्वांग एलएसआय लॉजिकमधले, तर बाकीचे दोघे सन मायक्रोसिस्टिम्समधले अनुभवी चिपतज्ज्ञ. २०२३ मध्ये कंपनीचे बाजारमूल्य एक ट्रिलियन डॉलरच्या वर गेले आणि त्या टेबलापाशी पाटी लागली. डेनीजने सोबत एक स्पर्धाही जाहीर केली: पुढच्या ट्रिलियन डॉलरच्या कल्पनेला २५ हजार डॉलरचे बीजभांडवल. अट एकच, कल्पना डेनीजच्या टेबलावर बसूनच सुचलेली हवी.