धक्का वेगळा, दचका वेगळा

"हाताला लई मारतंय हो. मला नाही जमायचं." पहिल्या सहा गोळ्या झाल्यावर बायको एवढंच बोलली आणि मनगट चोळत बाजूला झाली. मी मनातल्या मनात निकाल लावूनही टाकला होता: .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) रिव्हॉल्वर हिला झेपत नाही, त्याहून बारीक .२२ बघावं. शिकवणारे सुभेदार काका मात्र जागचे हलले नाहीत. म्हणाले, "थांबा जरा. मारतंय का भिववतंय, ते आधी बघू."

बायकोसाठी रिव्हॉल्वर बघणारे माझ्यासारखे नवरे इथंच फसतात. धक्का हत्यारातून येतो, दचका माणसातून. धक्का गोळी सुटताना बसतो, दचका त्याच्या क्षणभर आधी. तक्रार मात्र दोन्हींची एकाच शब्दात येते: मारतंय.

आमचा लातूर-औसा पट्ट्यात पेट्रोल पंप आहे. हिशेब आणि बँकेतला भरणा ती बघते, म्हणून परवान्याचा अर्ज तिच्या नावानं. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोनं हत्यार जवळ बाळगलं तरी चालतं, हा समज आपल्याकडं सर्रास आहे. चालत नाही. तिचा परवाना तिचाच लागतो, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं नव्या परवान्याला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. त्याच निमित्तानं आम्ही काकांकडं गेलो होतो. शेजारच्या बीडमध्ये २०२५ च्या सुरुवातीला परवान्यांची झाडाझडती झाली, बरेच रद्द झाले. तेव्हापासून इकडं परवान्याचा विषय निघाला की लोक आवाज खाली घेतात, ते वेगळं.

आधी धक्का. हा कागदावर मांडता येतो. .३२ ची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, आणि ती सेकंदाला दोनशे मीटरच्या वर वेगानं पुढं जाते. जितका जोर पुढं, तितकाच मागं. त्या जोरानं ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्वर ढोबळ मानानं सेकंदाला सव्वादोन मीटर वेगानं हातात मागं येतं, ५०० ग्रॅमचं तीन मीटरच्या थोडं वर. गोळी तीच, पण हलक्या हत्याराच्या धक्क्यातली ऊर्जा जवळपास १.४ पट. जड जात्यावर बुक्की मारा, जातं हलत नाही. तीच बुक्की रिकाम्या पातेल्याला मारा.

गंमत अशी, की बाईमाणसासाठी म्हणून दाखवलं जातं ते नेमकं हलकंच. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं २०१४ मध्ये 'निर्भीक' आणलं ते खास महिलांसाठी म्हणूनच. .३२ बोअर, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या घरात. पर्समध्ये मावतं, खांद्याला ओझं होत नाही, हे खरंच. पण खांद्याचं वाचवलेलं वजन तळहात फेडतो. दुकानदार वजन सांगतो ते पर्सच्या बाजूनं. दुकानात गोळी झाडून बघता येत नाही, म्हणून दुसरी बाजू आपणच काढून घ्यायची असते.

परदेशातल्या लोकांचे धक्क्याचे तक्ते बघून ठरवणारेही भेटतात. त्यातले बरेच आकडे .३८ चे असतात, आणि .३८ आपल्याकडं साध्या परवान्यावर मिळतच नाही. ते सोडून द्यावं.

कागदावरचा धक्का तळहातापर्यंत पोचताना बदलतो, हेही खरं. रिव्हॉल्वरची मूठ बारीक आणि गुळगुळीत असली तर तोच धक्का अंगठ्याच्या बेचक्यात एका रेघेवर बसतो आणि चावल्यासारखा लागतो. मूठ हातात भरून आली की तो पसरतो. बायकोनं हत्यार फार खाली धरलं होतं, बेचकं आणि मूठ यांत बोटभर फट होती. त्यामुळं नळी उसळून वर जायची आणि सगळा पीळ मनगटात यायचा. काकांनी हात वर सरकवला, दोन्ही अंगठे सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या, मागं ठेवायला लावले. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गरम वायू बाजूला फेकला जातो, तिथं बोट गेलं तर भाजतं, कापतंही. एवढ्यानं तिची मनगटाची कळ अर्धी झाली.

तरी गोळ्या निशाणाच्या खालीच लागत होत्या. मग काकांनी ती परीक्षा घेतली, जी मी तोवर नुसती ऐकून होतो. पाठ करून उभे राहिले, सिलिंडरमध्ये चार जिवंत गोळ्या आणि दोन झाडलेल्या पुंगळ्या मिसळून भरल्या, फिरवलं, बंद केलं आणि नळी निशाणाकडंच ठेवून तिच्या हातात दिलं. कुठली कधी येणार, तिला ठाऊक नाही. पहिली सुटली. दुसरीही सुटली. तिसऱ्याला नुसता 'टक'. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी नळी वीतभर खाली गेली! डोळे मिटलेले, खांदे कानाशी. हत्यारानं काहीच केलं नव्हतं. जे केलं ते तिनं. ती स्वतःच हसायला लागली. "अगं बाई, हे तर मीच करतीय."

हा दचका. त्याची मुळं बहुतेक वेळा तळहातात नसतात, कानात असतात. अशा हत्याराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, कानाला इजा व्हायला तेवढा पुरे, आणि नळी जितकी आखूड तितका तो अंगावर येतो. तिच्या कानात कापसाचे बोळे होते, माझ्याच सल्ल्यानं. कापूस काही कामाचा नाही. आत प्लग आणि वरून आवाज अडवणारा कानटोप असं दोन्ही घातल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "गोळी हलकी दिली का आता?" गोळी तीच होती.

दुसरं मूळ चापात, म्हणजे बोटानं ओढायच्या खटक्यात. घोडा (गोळीवर ठोका देणारा मागचा हातोडा) आधी हातानं न चढवता चाप ओढायचा तर बहुतेक रिव्हॉल्वरना चार ते सहा किलोचा जोर लागतो. गोडेतेलाचा पाच लिटरचा डबा एका तर्जनीवर तोलून बघा, म्हणजे कळेल. तेवढी ओढ लावताना अख्खा पंजा आवळला जातो आणि नळी हलते. घोडा हातानं चढवला की हेच काम दीड-दोन किलोत होतं, म्हणून नेम सुधारतो आणि आपल्याला वाटतं हत्यार बदललं.

आता .२२ चं. सरावासाठी ते फार चांगलं, दचका मोडायला तर उत्तमच. पण .२२ म्हणजे धक्का नाहीच, असं धरून चालू नये. इशापूरच्या कारखान्याचं 'निडर' .२२ चं आहे, पण वजन फक्त २५० ग्रॅम. गोळी हलकी खरी, हत्यारही तितकंच हलकं, त्यामुळं फरक वाटतो तेवढा उरत नाही. शिवाय .२२ रिमफायर असतं, म्हणजे ठोका गोळीच्या कडेवर बसतो; ते रिकामं ठोकायचं नसतं, पिन थेट सिलिंडरच्या कडेवर आदळते. कोरड्या, म्हणजे गोळी न झाडता करायच्या, सरावाला .३२ मध्ये नकली गोळ्या घालून चाप ओढणं सोयीचं पडतं.

तेव्हा क्रम असा लागला: आधी कान, मग मूठ, मग चाप, आणि सगळ्यात शेवटी बोअर. मी नेमका उलटा निघालो होतो. नकली गोळ्यांचा सराव तिनं महिनाभर केला. घोड्याजवळ वर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. पहिल्या आठवड्यात नाणं सारखं फरशीवर.

परवाना हातात आल्यावर दुकानात गेलो. दुकानदारानं आधी हलकंच पुढं केलं, "वहिनी, पर्समध्ये कळणारसुद्धा नाही." तिनं उघडून सिलिंडर रिकामं असल्याचं बघितलं, बेचकं मुठीला भिडवलं, आणि परत देत म्हणाली, "ते जड वालं दाखवा. पर्स मी मोठी घेते."