चुंबकाला ओढलं गेलं म्हणजे सुपरपॅरामॅग्नेटिक नव्हे

सांगलीकडं एमएस्सीला नॅनोवर प्रोजेक्ट म्हटलं की ठरलेलं, आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण बनवायचे आणि त्यावर औषध म्हणून हळदीतलं करक्युमिन चढवायचं, म्हणजे ते रक्तातून चुंबकानं ओढून हवं तिथं नेता येईल. विषय चांगलाच आहे. पण रिपोर्टमधे दरवेळी तोच फोटो, बाटलीला चुंबक लावलेला, काळा गाळ एका बाजूला ओढलेला आणि खाली लिहिलेलं "सुपरपॅरामॅग्नेटिक", म्हणजे चुंबक जवळ असेपर्यंतच मॅग्नेटिक, काढला की नाही. अहो, साधी फेरीमॅग्नेटिक पावडरपण अशीच ओढली जाते! त्या फोटोवरून यातलं काहीच ठरत नाही.

फेरीमॅग्नेटिक म्हणजे एकदा मॅग्नेटाइज झालं की थोडं मॅग्नेटिझम धरून ठेवतं. म्हणजे बघायचं ते चुंबक काढल्यावर काय होतं ते. मॅग्नेटाइटचा, म्हणजे या काळ्या आयर्न ऑक्साइडचा, कण साधारण २० नॅनोमीटरच्या खाली गेला की अख्ख्या कणाचा मोमेंट (चुंबकत्वाची दिशा नि ताकद) एकच असतो आणि खोलीतली उष्णताच त्याला सारखी उलटसुलट करत राहते, त्यामुळं चुंबकाचं फील्ड गेलं की सरासरी शून्य आणि कण परत सुटे. मोठे कण फील्ड गेल्यावरही एकमेकांना ओढत राहतात, गुठळी होते, आणि हे रक्तात सोडायचं आहे राव, बारीक केशवाहिनी तुंबली तर औषध पोचायचं राहिलं बाजूला. त्यात मोमेंट उलटायला अडवणारी ऊर्जा कणाच्या आकारमानाबरोबर वाढते, व्यास दुप्पट तर ती आठपट, आणि उलटायला लागणारा वेळ एक्स्पोनेन्शियली वाढतो, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएलनं १९४९ सालीच मांडलंय. म्हणून १० काय नि २० काय, असं कुणी म्हणलं की मला पटत नाही.

मॅग्नेटाइट की मॅगहेमाइट (दोन्ही आयर्न ऑक्साइडच) यावर मात्र पानंच्या पानं नकोत, पहिलं काळं आणि दुसरं तपकिरी, या कामाला दोन्ही चालतात.

व्हीएसएमचा (मॅग्नेटिझम मोजायचं यंत्र) ग्राफ ±१५००० ओरस्टेडवर (फील्डचं एकक) छापून "लूप नाही", म्हणजे मॅग्नेटिझम मागं राहत नाही, असं लिहिणं तर बंदच करा. त्या स्केलवर ५०-१०० ओरस्टेडची कोअर्सिव्हिटी (उरलेलं मॅग्नेटिझम शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड) दिसणारच नाही. सॅम्पल बाहेर पाठवताना सांगा की शून्याच्या आसपास बारीक स्टेप घ्या, आणि ±५०० चा भाग मोठा करून वेगळा छापा. को-प्रेसिपिटेशनमधे, म्हणजे लोहाचे क्षार विरघळवून अमोनियानं गाळ पाडायच्या पद्धतीत, लहानमोठे कण एकत्रच पडतात, फेरस-फेरिक १:२ बरोबर घेतलं, अमोनिया नायट्रोजनखाली टाकला तरीसुद्धा, त्यामुळं एक्सआरडीवरून (एक्स-रे डिफ्रॅक्शन) काढलेली १२ नॅनोमीटर ही नुसती सरासरी असते, त्यातले मोठे कण किती ते टीईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फोटोत मोजावंच लागतं.