परसबागेतील पूना अंजीर

पूना अंजीर हा पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या लावला जाणारा अंजिराचा वाण. शास्त्रीय नाव फायकस कॅरिका, कुल मोरेसी. वड, पिंपळ, उंबर हेही याच फायकस प्रजातीतले (genus). फळ घंटेच्या घाटाचे, फिकट जांभळ्या सालीचे आणि आतून गुलाबी-तांबूस. ‘पुरंदर अंजीर’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तालुक्यातील जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे. घरी लावण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे : अंजीर तोडल्यावर पिकत नाही, फक्त मऊ पडते. बाजाराचा माल प्रवासासाठी थोडा आधी काढावाच लागतो. पूर्ण पिकलेले फळ झाडाखालीच मिळते.

वाण्याकडच्या सुक्या अंजिराचे बी पेरण्याचा मोह टाळावा. ते सहसा अफगाणिस्तान किंवा तुर्कस्तानातले असते आणि बियांपासून उगवलेली बरीच झाडे नर, म्हणजे खाण्याजोगे फळ न देणारी निघतात. पूना अंजिराला परागणासाठी अंजीर-माशी लागत नाही, त्यामुळे एकटे झाडही फळते. रोप गुटी कलमाचे (झाडावरच्या फांदीला मुळे फोडून केलेले) किंवा छाट कलमाचे (कापलेली फांदी मातीत लावून केलेले) घ्यावे. छाट एक वर्ष वयाच्या, पेन्सिलीपेक्षा जाड फांदीची, ३० ते ४० सेंमी लांब असावी. दोन-तृतीयांश भाग मातीत पुरावा. चीक वाळू न देता लावलेली छाट अनेकदा कुजते, म्हणून ती एक दिवस सावलीत ठेवतात.

खड्डा ६० सेंमी लांब, रुंद व खोल. त्यात १५ ते २० किलो कुजलेले शेणखत. निचऱ्याची, चुनखडी असलेली, मुरमाड जमीन उत्तम. खोल काळ्या मातीत झाड नुसते पानांवर जाते आणि पावसाळ्यात मुळे गुदमरतात. दोन झाडांत किंवा झाड व भिंतीत ५ मीटर अंतर असावे, कारण मुळे लांब पसरतात. गच्चीवर ६० ते ७५ लिटरचा, तळाला भोके पाडलेला ड्रम चालतो.

बहार, म्हणजे फळांचे हंगाम, दोन. पावसाळ्याच्या तोंडावर छाटून धरतात तो खट्टा बहार, पावसाळा संपताना छाटून धरतात तो मीठा. खट्ट्याला बाजारभाव बरा मिळत असला तरी घरच्या झाडाला मीठाच धरावा. नावातच सगळे आले. पाऊस ओसरला की दोन-तीन आठवडे पाणी तोडायचे; पाने पिवळी पडून गळू लागली की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी करायची. फळ नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात धरते, त्यामुळे न छाटलेले झाड शेंड्याकडेच फळते. लांबलचक, फुटवे नसलेल्या फांद्यांवर जुलैत खाचा मारतात : सुप्त (न फुटलेल्या) डोळ्याच्या अगदी वर, तिरपा, सुमारे अडीच सेंमी लांब व एक सेंमी रुंद सालीचा तुकडा काढतात. खाच डोळ्याखाली गेली तर काहीच फुटत नाही.

सर्वांत मोठा शत्रू तांबेरा हा बुरशीचा रोग. पानाच्या खालच्या बाजूला विटकरी पुटकुळ्या येतात, पाने झडतात आणि उघडी पडलेली फळे बेचव राहतात. दमट कोकणात व गोव्यात तो हाताबाहेर जातो. छाटणीनंतर गळालेली सगळी पाने गोळा करून नष्ट करणे हा अर्धा इलाज. उरलेला १ टक्का बोर्डो मिश्रणाचा : १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून एकत्र करावे. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून तो तांबूस झाला तर चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे; पिकत्या फळांवर फवारू नये. खोडातून भुसा पडत असेल तर खोडकिडा आहे : भोकात तार घालून अळी मारावी, मग भोक चिखलाने लिंपावे.

फळ फुगू लागल्यावर पाणी नेमाने द्यावे. कोरड्या पडलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिले की साल तडकते आणि फटीतून मुंग्या शिरतात.

मीठा बहार साधारण फेब्रुवारीअखेरपासून मे महिन्यापर्यंत मिळतो. पिकलेल्या फळाची मान झुकते, हिरवा रंग जाऊन जांभळट छटा येते आणि देठातून चीक येणे जवळजवळ थांबते. चीक भरपूर ओघळला तर फळ कच्चे तोडले असे समजावे. चिकावर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून सकाळी लवकर, हातमोजे घालून, देठासकट तोडावे. बुलबुल आणि वटवाघळे माणसाआधी हजर असतात. रंग पालटू लागताच फळाला कापडी पिशवी बांधावी. तोडलेले फळ बाहेर एक-दोन दिवस टिकते, फ्रिजमध्ये थोडे अधिक. हा वाण ताजा खाण्याचा आहे. सुकवण्याच्या फंदात पडू नये, जास्तीचा जॅम करावा.