दोन पॉवर बँका जोडल्या तर कोण कोणाला चार्ज करतं?

पावसाळा लागला की कोकणात हा प्रश्न हमखास निघतो. लाइट गेलेली असते, घरात दोन पॉवर बँका, एक भरलेली, एक रिकामी, दोन्हींना यूएसबी सी, मग मधे केबल लावली तर भरलेलीतून रिकामीत चार्ज जाईल ना? बहुतेक जण जाणारच म्हणतात, कारण पाणी जसं वरून खाली येतं तशी वीजही भरलेल्याकडून रिकाम्याकडे येणार असं डोक्यात पक्कं बसलंय. इथे ते लागूच होत नाही. आतला सेल ३.७ व्होल्टवर असो की ४.२ वर, केबलमधे जाणारे ५ व्होल्ट बूस्ट सर्किटने, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटने, बनवलेले असतात, त्यावरून सेल किती भरलाय ते समोरच्याला कळायला मार्गच नाही. कोण देणार आणि कोण घेणार हे दोन बारीक पिना ठरवतात, आणि अख्ख्या यूएसबी सी मधे मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच.

२०१४ साली आलेल्या या कनेक्टरला २४ पिना, त्यातल्या दोन सीसी, म्हणजे कॉन्फिगरेशन चॅनल. केबल सुलटी घाला की उलटी, तिच्यातली एकच सीसी वायर या दोघींपैकी एकीला लागते. देणारा त्या वायरवर ठराविक करंट सोडतो, घेणारा ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावून बसतो. पुढे शाळेतला ओहमचा नियम. ८० मायक्रोअँप सोडला तर ०.४१ व्होल्ट दिसतात, म्हणजे साधा यूएसबीइतकाच करंट मिळेल, १८० सोडला तर ०.९२ व्होल्ट म्हणजे दीड अँप, ३३० सोडला तर १.६८ व्होल्ट म्हणजे ३ अँप. एकही बिट न पाठवता एवढं कळतं, आणि तोवर व्हीबसवर, म्हणजे वीज नेणाऱ्या मुख्य वायरवर, वीज नसतेच.

आता पॉवर बँक, लॅपटॉप, फोन यांना देताही येतं आणि घेताही येतं, मग ते काय करतात? मोकळा असताना असा पोर्ट सतत भूमिका बदलत राहतो, थोडा वेळ देणारा, थोडा वेळ घेणारा, एक फेरी ५० ते १०० मिलिसेकंदांची आणि त्यातला ३० ते ७० टक्के वेळ देणाऱ्याचा. हे आकडे मुद्दाम सैल ठेवलेत. दोन्ही पोर्ट अगदी एका तालात बदलत राहिले तर दोघेही एकाच वेळी देणारे नि एकाच वेळी घेणारे होतील आणि कधीच जुळणार नाहीत, पण ताल थोडा वेगळा असला की कधीतरी एक देणारा असताना दुसरा घेणारा सापडतोच, मग दोघे तिथेच थांबतात, १०० ते २०० मिलिसेकंद तसंच दिसत राहिलं तर जोडणी पक्की. म्हणजे दोन पॉवर बँकांचा निकाल मुळात योगायोगाचा! चार्ज किती टक्के आहे हे या टप्प्यात कोणी विचारतच नाही, त्यामुळे रिकामी होत आलेली भरलेलीला चार्ज करायला लागली तर काही बिघडलेलं नाही, केबल काढून परत लावून बघायची. योगायोग नको असेल तर चिपमधे कल सेट करता येतो, घेणारा ठरलास तरी एकदा देणारा होऊन बघ, किंवा उलट. फोनचा कल घेण्याकडे आणि पॉवर बँकेचा देण्याकडे ठेवला की सगळं आपल्याला हवं तसं होतं.

हे मी इतकं लिहितोय कारण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती, आणि अशा वेळी सोलरवरची एक बॅटरीची पेटी, जिच्या एकाच पोर्टातून फोन चार्ज होतील आणि कुणाच्याही लॅपटॉप चार्जरने ती परत भरेल, ही गावागावात बनायला हवी असं मला मनापासून वाटतं.

या पेटीच्या पोर्टाला देणं आणि घेणं दोन्ही जमणारी चिप लागते, आणि ती निवडताना पहिला घोळ इथेच होतो. स्वस्तात मिळणारी सीएच २२४ किंवा एसटीयूएसबी ४५०० फक्त घेणाऱ्या आहेत, त्या इथे चालणार नाहीत. ५ व्होल्टवर भागत असेल तर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची टीयूएसबी ३२० बघा, तिची पोर्ट नावाची पिन मोकळी सोडली की ती दुहेरी होते. ९, १५, २० व्होल्ट हवे असतील तर पॉवर डिलिव्हरी लागते, म्हणजे किती व्होल्ट द्यायचे याची दोन्ही बाजूंची बोलणी, तो संवाद त्याच सीसी वायरवरून चालतो. त्यासाठी ऑनसेमीची एफयूएसबी ३०२ आहे, पण डोकं मायक्रोकंट्रोलरचं, कोड आपणच लिहायचा. टीपीएस ६५९८७ मधे २० व्होल्ट ५ अँपचे स्विचसुद्धा आतच येतात. कुठलीही घ्या, डेटाशीटमधे डेड बॅटरी सपोर्ट आहे का ते आधी बघा, कारण पेटी पार रिकामी झाली की चिपलाच वीज नाही, तेव्हाही ५.१ किलोओहम दिसला पाहिजे नाहीतर चार्जर वीज सोडणारच नाही.

जाता जाता, मोठा चार्जर लावला की फोन जळतो ही भीती सोडून द्या. चार्जर फक्त काय काय देऊ शकतो ते सांगतो, मागतो फोन.

आता चिपच्या बाहेरचे पार्ट. व्हीबसवर दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) पाठीला पाठ लावून, कारण एकट्या मॉसफेटच्या आत एक डायोड असतो आणि बंद असतानाही एका दिशेने वीज जातच राहते. मोठे कपॅसिटर स्विचच्या आतल्या बाजूला, बाहेर १ ते १० मायक्रोफॅरडच. सीसीवर पॉवर डिलिव्हरीसाठी २०० ते ६०० पिकोफॅरड, संरक्षणाच्या डायोडची कपॅसिटन्सही त्याच हिशोबात धरा. आणि ५.१ किलोओहम प्रत्येक सीसीला वेगळा! रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डमधे २०१९ ला दोघींना मिळून एकच लावला होता, तर आत चिप असलेली केबल लावली की चार्जरला वाटायचं हेडफोनचा अडॅप्टर लागलाय.

आपल्याकडे यात खारी हवा येते. कनेक्टरमधे सीसी आणि व्हीबस शेजारी शेजारी, अंतर अर्धा मिलिमीटर. मधे मिठाचा ओलसर थर बसला आणि त्याचा रेझिस्टन्स ८५ किलोओहमच्या आसपास आला, तर ५ व्होल्टच्या व्हीबसमधून गळणारा करंट ०.४१ चे ०.६६ व्होल्ट करतो, आणि ०.६६ च्या वर गेलं की फोनला वाटतं दीड अँप मिळणार. तो तेवढा ओढतो, आपला पोर्ट ओव्हरलोड होऊन बंद पडतो, आणि लोक चिप बदलत बसतात. २० व्होल्ट चालू असताना असं शॉर्ट झालं तर सीसीची पिनच जाते, म्हणून टीपीडी ६एस३०० सारखी संरक्षक चिप मधे टाका. बोर्डवर कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओलावा रोखणारा पातळ लेप, मारा पण कनेक्टरच्या आत नाही, आत गेलं तर संपर्कच होणार नाही. तिथे रबरी झाकण, आणि महिन्यातून एकदा पेटी पूर्ण बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल नि मऊ ब्रश.